विश्वासाची टांकसाळ : कॅसेशियस नाणी आणि त्यांचा व्यापार

१

३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या नावाखाली नऊ पानांचा एक निबंध इंटरनेटवर प्रसृत झाला. ‘बिटकॉइन’ या आभासी चलनाची रचना हा त्याचा विषय होता. दूरस्थ माणसांमधील पैशाची देवघेव बँकेसारख्या मध्यस्थावरील विश्वासावर चालते. हा विश्वास खर्चाचा असतो आणि प्रसंगी दगाही देतो. तेव्हा विश्वासाच्या जागी गणिती प्रमाणाची स्थापना करावी, असे या निबंधाचे थोडक्यात प्रतिपाद्य होते. ३ जानेवारी २००९ रोजी या चलनाच्या सार्वजनिक खातेवहीचे पहिले पान लिहिले गेले, आणि कोणावरही भरवसा न ठेवता चालणारा पैसा अस्तित्वात आला, असे त्याचे पुरस्कर्ते सांगू लागले.

त्यानंतर तीन वर्षांच्या आत, म्हणजे २०११ मध्ये, याच चलनाची पितळी नाणी अमेरिकेच्या यूटा राज्यात तयार होऊ लागली. संग्राहकांनी ती हौसेने घेतली, पुढे ती एकमेकांना विकली, आणि काही वर्षांतच त्यांचा एक लहानसा परंतु अतिशय महागडा बाजार उभा राहिला. या बाजाराचा इतिहास पाहू लागताच एक विसंगती नजरेत भरते. जे चलन विश्वासाची गरजच नाहीशी करण्यासाठी जन्मले, त्याचे नाणे पाडले जाताच विश्वासाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. इतकेच नव्हे, तर राजेरजवाड्यांच्या नाण्यांच्या बाबतीत तो जितका बिकट होता त्याहूनही अधिक बिकट होऊन बसला. असे का घडले, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

२

ही नाणी तयार करणारा माइक काल्डवेल हा यूटामधील सँडी या गावचा संगणक-आज्ञावलीकार. नाण्यांना त्याने दिलेले ‘कॅसेशियस’ हे नाव कोणत्याही शब्दकोशात सापडणार नाही. फावड्याला फावडेच म्हणावे, अर्थात आडपडदा न ठेवता बोलावे, अशा अर्थाची जी इंग्रजी म्हण आहे, तिच्यातील शब्दांची आद्याक्षरे जुळवून व त्यांना लॅटिन वळणाचा प्रत्यय लावून हा शब्द घडविलेला आहे. नाण्यावर ‘व्हिरेस इन न्यूमेरिस’ हे लॅटिन वचनही आढळते. संख्येत सामर्थ्य असते, असा त्याचा अर्थ. संख्या म्हणजे माणसांची संख्या आणि संख्या म्हणजे गणितातील अंक, असा दुहेरी अर्थ येथे अभिप्रेत असावा.

नाण्याची घडण समजण्यासाठी बिटकॉइनविषयी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या चलनात पैसा कोठेही ‘ठेवलेला’ नसतो. सार्वजनिक खातेवहीत एका पत्त्याच्या नावे काही रक्कम नोंदलेली असते, आणि त्या पत्त्याशी जुळणारी गुप्त किल्ली ज्याला ठाऊक असेल तोच ती रक्कम हलवू शकतो. किल्ली म्हणजे एक प्रचंड संख्या, इतकेच. काल्डवेलने या किल्लीचे ३० अक्षरांचे (आरंभीच्या नाण्यांत २२ अक्षरांचे) संक्षिप्त रूप एका चिमुकल्या कागदी चकतीवर छापले, चकती नाण्याच्या पाठीवर बसवली आणि तिच्यावर होलोग्रामची चिकटपट्टी लावली. होलोग्रामला ठेवलेल्या छोट्या खिडकीतून पत्त्याची पहिली आठ अक्षरे दिसत. त्यांच्या आधारे कोणीही खातेवही उघडून त्या पत्त्यावर रक्कम आहे की नाही हे पाहू शके. होलोग्राम सोलल्यास मागे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी उमटून राही, आणि ते नाणे उघडले गेले आहे हे तत्काळ कळे.

ग्राहक आधी बिटकॉइन पाठवी, आणि काल्डवेल तेवढेच बिटकॉइन नाण्याच्या पत्त्यावर भरून, वर थोडी घडणावळ घेऊन, नाणे टपालाने रवाना करी. एक व पंचवीस बिटकॉइनच्या नाण्यांपासून आरंभ झाला. पुढे पाच व दहा बिटकॉइनची नाणी, शंभराच्या पट्ट्या आणि हजार बिटकॉइनचे सोन्याचे नाणेही निघाले. अशा एकंदर सुमारे २८ हजार वस्तू त्याने तयार केल्या. किल्ल्यांची नक्कल आपण आपल्यापाशी ठेवत नाही, असे त्याने जाहीर केले होते. संपूर्ण व्यवहाराचा पाया काय, असे विचारल्यास या एका विधानाकडेच बोट दाखवावे लागेल.

पहिल्या मालिकेच्या होलोग्रामवर ‘कॅसेशियस’ या नावाच्या रोमन लेखनातील मधला एक ‘एस’ गळालेला आहे. सरकारी टांकसाळीत असा दोष राहता तर तो नाचक्कीचा विषय झाला असता. येथे मात्र दोषयुक्त नाणी दुर्मिळ म्हणून अधिक किमतीला विकली जाऊ लागली आणि लेखनातील चूक हीच अस्सलपणाची एक खूण ठरली. ज्या बाजारात खुणांवाचून हाती काही नसते, तेथे चुकीलाही साक्षीदाराचे मोल येते.

३

नाणे खरे की खोटे, हे ठरविण्याच्या रीती नाण्याइतक्याच जुन्या आहेत, आणि मराठी भाषेने त्या आपल्या पोटात जपून ठेवल्या आहेत. ज्याच्या बोलण्याविषयी शंका नसते त्याचे बोलणे ‘खणखणीत’ असते. हा दगडावर आपटून वाजवून घेतलेल्या रुपयाचा आवाज होय. माणूस ‘कसास उतरतो’ आणि विद्वान मंडळी ‘निकष’ लावतात. कस आणि निकष हे दोन्ही शब्द सोने घासून पाहण्याच्या कसोटीच्या दगडाकडे जातात. ‘पारखी’ हा शब्द परीक्षेपासून आला. ‘सराफ’ अरबीतून, तर ‘पोतदार’ फारशीतून आला, आणि नाणी तपासून घेणे हे या दोघांच्या कामाचे अंग होते. पेशवाईत टांकसाळी चालविण्याचे परवाने खासगी व्यक्तींना दिले जात. अंकुशी, चांदवडी असे अनेक रुपये एकाच वेळी चलनात असत, आणि एका रुपयाच्या बदल्यात दुसरा घेताना त्याच्या कसाप्रमाणे बट्टा कापला जाई. याच बट्ट्यावरून ‘नावाला बट्टा लागणे’ हा वाक्प्रचार रूढ झाला. नाण्याच्या मूल्यातील तूट आणि माणसाच्या लौकिकातील तूट यांना भाषेने एकच शब्द वापरला, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

काल्डवेलच्या स्वतःच्या प्रदेशातही अशा परीक्षेचे एक बोलके उदाहरण आहे. १८४७ मध्ये मॉर्मन पंथीयांनी सॉल्ट लेकच्या खोऱ्यात वसाहत केली. कॅलिफोर्नियातून येणाऱ्या सोन्याच्या भुकटीपासून त्यांनी १८४९ सालची अडीच, पाच, दहा व वीस डॉलरची नाणी पाडली. त्यांच्या एका बाजूला एकमेकांत गुंफलेले दोन हात कोरलेले होते आणि नाणे शुद्ध सोन्याचे असल्याची ग्वाही आद्याक्षरांतून दिलेली होती. सरकारी टांकसाळीत ही नाणी तपासली गेली तेव्हा दर्शनी मूल्याहून त्यांतील सोने दहा टक्क्यांहूनही अधिक कमी असल्याचे आढळून आले. पाडणाऱ्यांच्या मनात कपट असेलच असे नाही. कॅलिफोर्नियाचे सोने न गाळता वापरले की त्यात चांदीचा अंश राहतोच. परंतु ही नाणी बट्ट्याने जाऊ लागली आणि गुंफलेल्या हातांची किंमत त्यांच्यातील सोन्याइतकीच धरली गेली. पुढे ८ जून १८६४ च्या कायद्याने अमेरिकेत खासगी व्यक्तींनी चलनासाठी नाणी पाडणेच बंद झाले. मार्च २०११ मध्ये ‘लिबर्टी डॉलर’ ही खासगी नाणी काढणारा बर्नार्ड फॉन नॉटहाउस हा उत्तर कॅरोलायनातील न्यायालयात दोषी ठरला. काल्डवेलने आपली नाणी काढण्यास आरंभ केला तो याच वर्षी. त्याच्या नाण्यांवर डॉलरचा उल्लेख नव्हता, त्यामुळे त्याची गोष्ट वेगळी होती. परंतु खासगी टांकसाळीविषयी त्या देशातील कायदा किती सावध आहे हे यावरून दिसून येते.

या सर्व उदाहरणांतील समान गोष्ट अशी की, परीक्षा नाण्याच्या जिवावर उठत नव्हती. वाजविल्याने रुपया नाहीसा होत नाही. कसोटीवर घासल्याने मोहोरेचे सोने नाममात्र झिजते. सराफ रुपयावर आपल्या छापाची टिकली मारीत आणि अशी टिकली मारलेली नाणी पुढेही फिरत राहत. फसवणूक जुन्या बाजारातही भरपूर होती, परंतु ती शोधून काढण्याचे साधन कोणत्याही चावडीवर उपलब्ध होते.

४

आता हीच परीक्षा कॅसेशियस नाण्याला लावून पाहू. ‘हे नाणे खरे आहे काय?’ हा वरवर एकच वाटणारा प्रश्न वास्तविक चार प्रश्नांचा मिळून झालेला आहे. नाण्याचा धातू व घडण मूळ निर्मात्याचीच आहे काय? होलोग्राम अभंग आहे काय? पत्त्यावर रक्कम आहे काय? आणि आतील किल्ली बरोबर असून ती दुसऱ्या कोणालाही ठाऊक नाही, हे खरे काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर वजन, माप व छाप यांवरून देता येते. दुसऱ्याचे उत्तर भिंगाने बऱ्याच अंशी मिळते. तिसऱ्याचे उत्तर खातेवही देते, आणि या बाबतीत नवे नाणे जुन्यापेक्षा निःसंशय श्रेष्ठ आहे, कारण जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातून, नाणे हाती न घेता, त्यातील रक्कम पाहता येते. अडचण आहे ती चौथ्या प्रश्नाची. किल्ली बरोबर आहे की नाही हे पाहण्याचा एकच मार्ग, तो म्हणजे होलोग्राम सोलणे. आणि सोललेले नाणे हे संग्राहकाच्या दृष्टीने फोडलेला नारळ होय. त्यातील खोबरे मिळेल, पण ते पुन्हा अभंग होणार नाही. शिवाय सोलूनसुद्धा प्रश्नाचा उत्तरार्ध सुटत नाहीच. किल्लीची नक्कल दुसऱ्या कोणाजवळ नाही, ही नकारात्मक गोष्ट आहे, आणि ती कोणत्याही परीक्षेने सिद्ध होऊ शकत नाही. आज रक्कम जागेवर आहे यावरून एवढेच सिद्ध होते की, नक्कल कोणाजवळ असल्यास त्याने ती आजवर वापरलेली नाही.

अशा प्रकारे हे नाणे परीक्षेच्या पलीकडे गेले. त्याचे मूल्य धातूत नाही, छापात नाही, तर एका रहस्याच्या अक्षतपणात आहे. आणि अक्षतपणावर फक्त विश्वास ठेवता येतो. येथे काल्डवेलच्या बाजूनेही एक गोष्ट नमूद केली पाहिजे. त्याच्या हजारो नाण्यांतील रकमा विक्रीनंतर अनेक वर्षे जागच्या जागी राहिल्या, आणि हे खातेवहीत कोणालाही पाहता येते. किल्ल्यांची नक्कल ठेवून सर्व नाणी एका रात्रीत रिकामी करणे निर्मात्याला शक्य झाले असते, तर ते कृत्य जगाला दुसऱ्याच दिवशी दिसले असते. ते घडले नाही. दररोज न घडणारी ही घटना हाच त्याच्या सचोटीचा पुरावा, आणि तो दररोज नव्याने सादर होत असतो.

तथापि हमी आणि तिच्यावरील ओझे यांचे प्रमाण बदलत गेले, याकडे दुर्लक्ष करता येत नाही. २०११ च्या सप्टेंबरात एका बिटकॉइनची किंमत दहा डॉलरांच्या आत होती. २०१३ च्या अखेरीस ती हजारावर गेली, डिसेंबर २०१७ मध्ये वीस हजारांच्या जवळ पोचली आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिने एक लाखाचा टप्पा ओलांडला. चिकटपट्टी तीच, कागदाची चकती तीच, आणि निर्मात्याचा शब्दही तोच. परंतु दहा डॉलरांच्या ऐवजासाठी दिलेल्या शब्दावर दहा हजार पटींहून अधिक भार येऊन पडला. जुन्या रुपयाच्या बाबतीत असे होत नसे, कारण चांदी महागली तरी तिची परीक्षा तितकीच सोपी राही.

५

या परिस्थितीचा लाभ घेणारे लोक पुढे आले, यात आश्चर्य नाही. त्यांच्या युक्त्यांचे वर्गीकरण वरील चार प्रश्नांच्या अनुरोधानेच करता येते, कारण प्रत्येक युक्ती एकेका प्रश्नाच्या फटीतून आत शिरते.

पहिल्या प्रश्नाच्या फटीतून शिरणारा प्रकार सर्वांत ढोबळ होय. सोनेरी मुलामा दिलेल्या, बिटकॉइनचे चिन्ह असलेल्या स्वस्त चकत्या शोभेच्या वस्तू म्हणून मोठ्या प्रमाणात विकल्या जातात. त्यांत किल्ली नसते व मूल्यही नसते. वृत्तपत्रे या चलनाच्या बातमीसोबत अशाच चकत्यांची चित्रे छापीत आल्यामुळे बिटकॉइन म्हणजे सोन्याचे एक नाणेच, असा समज सामान्य वाचकांत पसरला. आणि हा समज झालेल्या माणसाला अशी चकती भारी किमतीला विकणे अवघड नाही. येथे नाण्याची नक्कल झालेली नाही. चित्राने नाण्याची जागा घेतली आहे.

दुसरी फट होलोग्रामची. ऑगस्ट २०१३ मध्ये लास व्हेगास येथे भरलेल्या डेफ कॉन या संगणक-सुरक्षाविषयक संमेलनात, सुईने द्रावक सोडून कॅसेशियस नाण्याची चिकटपट्टी मागे खूण न ठेवता उचलता येते, हे दाखविले गेले. ती पुन्हा चिकटविल्यावर बाह्यतः नाणे अभंग, रक्कमही जागेवर, आणि किल्ली मात्र परक्याच्या वहीत, अशी स्थिती होऊ शकते. हे प्रात्यक्षिक सदिच्छेने केलेले होते. परंतु ‘अभंग’ या शब्दाचा अर्थ त्या दिवसापासून सैल झाला. मोहोरबंद लिफाफ्याची मोहोर तापल्या पात्याने उचलण्याची विद्या जुनीच आहे. नवी गोष्ट एवढीच की, येथे लिफाफा उघडणाऱ्याने आतील ऐवज न नेता नुसते वाचून घेतले तरी पुरते.

तिसऱ्या फटीत ‘भरलेले’ आणि ‘रिकामे’ यांतील गोंधळ येतो. नोव्हेंबर २०१३ मध्ये अमेरिकी अर्थखात्याच्या आर्थिक गुन्हेविषयक विभागाचे पत्र काल्डवेलला आले. नाण्यात आभासी चलन भरून विकणे हा पैसे पाठविण्याचा व्यवसाय ठरतो व त्यास नोंदणी आवश्यक आहे, अशी त्या विभागाची भूमिका होती. काल्डवेलने त्याच महिन्यात भरलेल्या नाण्यांची मागणी स्वीकारणे थांबविले. आता नव्याने भरलेली कॅसेशियस नाणी निघणार नव्हती, त्यामुळे जुन्यांचे दुर्मिळतामूल्य वाढले. दरम्यान इतरही निर्माते या क्षेत्रात उतरले होते, आणि त्यांपैकी काहींनी ग्राहकाने स्वतः रक्कम भरावी अशी रिकामी नाणी काढली. भरलेली, रिकामी आणि सोललेली, अशा तीन अवस्थांतील एकाच घडणीची नाणी बाजारात फिरू लागली. छायाचित्रात त्यांतील भेद दाखविणे वा लपविणे विक्रेत्याच्या हाती होते.

चौथी फट निर्मात्याची. नाणे पाडणारा बहुधा टोपणनावाने वावरतो. तो नक्कल ठेवतो की नाही हे ग्राहकास कळत नाही. कधी तो आगाऊ मागणीचे पैसे घेतो आणि नाणी पाडतच नाही. काल्डवेल स्वतःच्या खऱ्या नावाने वावरला, ही गोष्ट त्याच्या नाण्यांवरील भरवशाचे एक मोठे कारण होय. नाव असलेल्या माणसाच्याच नावाला बट्टा लागू शकतो. ज्याला नावच नाही त्याला बट्ट्याचे भय कसले?

यांखेरीज पाचवी फट आहे ती नाण्याची नसून सौद्याची आहे. बिटकॉइनने केलेला भरणा परत फिरविता येत नाही, तर कार्डाने केलेला भरणा तक्रार करून परत मिळविता येतो. नाणे मात्र टपालाने जाते. त्यामुळे खरेदीदाराने बिटकॉइन दिले तर विक्रेत्याला नाणे न पाठविण्याचा मोह, आणि कार्डाने पैसे दिले तर खरेदीदाराला नाणे ठेवून घेऊन पैसे परत मागण्याचा मोह. कोणीतरी एकाने आधी हात सोडणे भाग आहे, आणि जो आधी सोडतो तो दुसऱ्याच्या सचोटीच्या स्वाधीन होतो.

६

या रोगावर बाजाराने जे उपाय शोधले, ते सर्व जुन्याच औषधांची नवी नावे आहेत.

पहिला उपाय लौकिकाचा. ईबे या लिलाव-व्यवस्थेने फेब्रुवारी १९९६ मध्ये ग्राहकांनी विक्रेत्यास गुण देण्याची पद्धत सुरू केली, तेव्हापासून इंटरनेटवरील व्यापारात असा गुणांकित लौकिक रूढ झाला. नाण्यांच्या व्यापारीवर्गानेही तो अंगीकारला. परंतु लौकिक ही एक प्रकारची साठवण आहे, आणि साठविलेली वस्तू एका फटक्यात खर्च करता येते. लहान सौदे वर्षभर चोख करावेत आणि मोठ्या सौद्यात हात मारावा, ही युक्ती त्यातूनच निघाली. बिटकॉइनच्या जगात याचे ठळक उदाहरण नाण्यांच्या बाहेर घडले. टेक्सासच्या ट्रेंडन शेव्हर्सने ‘बिटकॉइन सेव्हिंग्ज अँड ट्रस्ट’ या नावाने आठवड्याला सात टक्क्यांपर्यंत व्याजाचे आश्वासन देऊन २०११–१२ या काळात किमान सात लाख बिटकॉइन गोळा केले. नव्यांच्या ठेवींतून जुन्यांना व्याज मिळत होते तोवर प्रत्येक संतुष्ट ठेवीदार त्याचा साक्षीदार बनत होता. जुलै २०१३ मध्ये त्याच्यावर कारवाई सुरू झाली आणि २०१६ मध्ये त्याला दीड वर्षाची शिक्षा झाली. ‘विश्वास’ हा शब्दच संस्थेच्या नावात घातलेला होता, हे पाहण्यासारखे आहे. जेथे विश्वासाची उणीव असते तेथेच त्या शब्दाची पाटी मोठी असते.

दुसरा उपाय तिऱ्हाइताचा. खरेदीदाराचे पैसे व विक्रेत्याचे नाणे एका मान्य माणसाकडे ठेवावे आणि त्याने शहानिशा करून दोघांना आपापला ऐवज द्यावा. एप्रिल २०१२ पासून बिटकॉइनच्या नियमांत झालेल्या सुधारणेमुळे तीनपैकी दोघांच्या संमतीनेच हलणारी रक्कम ठेवणे सुकर झाले, आणि मध्यस्थाने एकट्याने पैसे पळविण्याची भीती कमी झाली. पैशाच्या बाबतीत गणिताने खरोखरच विश्वासाचे काम केले. नाण्याच्या बाबतीत मात्र तसे होणे शक्य नव्हते. तीन माणसांच्या संमतीने उघडणारे टपालाचे पुडके अद्याप निघालेले नाही. शिवाय ज्याच्या हातून पुष्कळ नाणी जातात त्यालाच द्रावकाची सुई चालविण्याची संधी सर्वाधिक.

तिसरा उपाय पारख्याचा. अमेरिकेत १९८० नंतरच्या दशकात नाणी तपासून, त्यांची प्रत ठरवून ती पारदर्शक पेटीत कायमची बंद करून देणाऱ्या संस्था नावारूपास आल्या. पुढे कॅसेशियस नाणीही अशा पेट्यांत बंद होऊ लागली. २०२१ च्या नोव्हेंबरात पंचवीस बिटकॉइनचे एक पेटीबंद नाणे लिलावात सुमारे सतरा लाख डॉलरला गेले. हा आधुनिक पोतदार धातूची, छापाची व होलोग्रामची ग्वाही देतो, आणि ती मोलाची आहे. परंतु चौथ्या प्रश्नापाशी तोही थांबतो. किल्ली त्यानेही पाहिलेली नसते, आणि पाहिली असती तर त्याच्याच ग्वाहीला अर्थ उरला नसता. न पाहणे हेच ज्याचे कर्तव्य असा हा पारखी नाण्यांच्या इतिहासात बहुधा पहिलाच असावा.

चौथा उपाय सर्वांत उद्बोधक आहे, कारण तो स्वतः काल्डवेलनेच सुचविला. नोव्हेंबर २०१२ मध्ये त्याने बिटकॉइनच्या सुधारणा-प्रस्तावांत एक योजना मांडली. ती ३८ व्या क्रमांकाने ओळखली जाते. तिच्या एका प्रकारात ग्राहक स्वतः एक परवलीचा शब्द निवडतो, त्यापासून तयार झालेला सांकेतिक मजकूर तेवढा निर्मात्याला देतो, आणि निर्माता त्यावरून किल्लीचा असा अंश छापतो की, परवलीच्या शब्दावाचून त्याचा उपयोग नाही. निर्मात्याला पूर्ण किल्ली कधीच कळत नाही. म्हणजे ज्याच्यावर विश्वास ठेवावा लागतो त्यानेच, आपल्यावर विश्वास ठेवण्याची गरज पडू नये, अशी सोय केली.

परंतु या सोयीची किंमतही पाहिली पाहिजे. असे नाणे हातोहात जाऊ शकत नाही. त्याच्याबरोबर परवलीचा शब्दही सांगावा लागतो, आणि सांगणारा तो विसरत नाही. मग दुसऱ्या मालकाचे संरक्षण पुन्हा चिकटपट्टीवरच येऊन ठेपते. शब्द हरवला तर नाणे कायमचे मुके होते. ज्याच्या हाती त्याचे, हा नाण्याचा मूळ धर्मच येथे लोपतो. काल्डवेलच्या योजनेतून निघणारा धडा असा की, विश्वास पूर्णपणे काढून टाकला तर नाणे उरत नाही, आणि नाणे ठेवायचे तर विश्वास ठेवणे चुकत नाही.

७

जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, मालाचा खरेपणा विक्रेत्याला ठाऊक आणि ग्राहकाला अज्ञात असेल, तर खोट्या मालाच्या भीतीने खऱ्या मालाची किंमत उतरते व खरा माल बाजारातून निघून जातो. कॅसेशियस नाण्यांच्या बाजारात या सिद्धान्ताला एक वेगळे वळण मिळाले. येथे किल्लीचा खरेपणा ग्राहकाला अज्ञात आहेच, पण प्रामाणिक विक्रेत्यालाही तो अज्ञात असतो. त्याने नाणे ज्याच्याकडून घेतले, आणि त्याने ज्याच्याकडून घेतले, अशी साखळी मागे मागे जात शेवटी सँडी गावातील एका माणसाच्या शब्दापाशी पोचते. साखळीतील प्रत्येक दुवा मागच्या दुव्यावर विसंबलेला असतो. निरपराध माणूस निरपराधाला फसवू शकतो, हे या बाजाराचे खरे दुःख होय. आणि तक्रार करायची झाल्यास कोणाविरुद्ध करावी हेही तेथे सहजासहजी ठरत नाही.

यावरून असे दिसते की, नाकामोतोच्या निबंधाने विश्वासाचा प्रश्न एका मर्यादेपर्यंतच सोडविला होता. खातेवहीच्या आत तो सुटला. खातेवहीतील आकडा माणसाच्या हातात, धातूच्या रूपात येताच तो पुन्हा उपस्थित झाला. जुन्या टांकसाळीत राजाच्या नावावर विश्वास ठेवला जाई आणि धातू त्या विश्वासाला जामीन असे. कॅसेशियस नाण्यात पितळ कशालाही जामीन नाही. तेथे निर्मात्याचा शब्द हाच धातू आणि निर्मात्याचे नाव हाच छाप.

ही नाणी किती काळ अभंग राहतील हे त्यांच्या मालकांच्या संयमावर अवलंबून आहे. किंमत चढली की काही मालक होलोग्राम सोलतात, रक्कम काढून घेतात, आणि एका नाण्यापुरता चौथ्या प्रश्नाचा निकाल लागतो. किल्ली बरोबर निघाली, तर नाणे खरे होते हे सिद्ध होते. मात्र ते सिद्ध होण्याच्या क्षणीच नाणे म्हणून त्याचे आयुष्य संपलेले असते. न सोललेल्या नाण्यांना हा पुरावा थोडासा आधार देतो, परंतु त्यांतील एकाचेही उत्तर देत नाही. वाजवून घेता येणाऱ्या रुपयापासून वाजविताच फुटणाऱ्या नाण्यापर्यंतचा हा प्रवास नाणेशास्त्राच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवावा असा आहे. कारण परीक्षेची साधने हरपली की समाज कोणाच्या शब्दावर आणि किती काळ विसंबून राहू शकतो, याची मोजदाद या २८ हजार वस्तूंच्या रूपाने सार्वजनिक खातेवहीत अद्याप चालू आहे.